मुंबईच्या लग्नाला ज्येष्ठांना घेऊन जाताना

लग्नसराई सुरू झाली की अंबाजोगाईच्या बाजारपेठेतील आपल्या घरांत पत्रिका येऊ लागतात. अलीकडे त्यांपैकी बऱ्याच पत्रिकांवर विवाहस्थळ म्हणून मुंबई, ठाणे किंवा नवी मुंबई असे लिहिलेले असते. एका पिढीपूर्वी वऱ्हाड बीड, लातूर, परळी किंवा फार तर सोलापूरपर्यंत जात असे. पुढे मुले शिक्षणासाठी आणि व्यवसायासाठी महानगरात गेली, तेथेच स्थिरावली आणि स्वाभाविकपणे त्यांच्या घरची कार्येही तेथेच होऊ लागली.

या बदलाचा एक परिणाम मात्र फारसा बोलला जात नाही. घरातील सत्तरी ओलांडलेली मंडळी अशा विवाहांना जाणे टाळू लागली आहेत. ‘तुम्ही जाऊन या, आमचा आशीर्वाद सांगा’ असे म्हणून ती मागे राहतात. त्यांच्या नकारामागे साधारणतः चार कारणे असतात : प्रवासाची दगदग, रात्रीच्या भोजनामुळे नियम मोडण्याची भीती, दागिने व रोकड यांची काळजी आणि ‘यजमानाला आपला त्रास नको’ हा संकोच. परिणामी ज्या आजीने नवरीच्या आईला अंगाखांद्यावर खेळवले, तीच मंडपात नसते. नात्यातील धागे जिला ठाऊक आहेत ती पिढी घरी राहते आणि मंडपात एकत्र आलेली तरुण मंडळी एकमेकांना ओळखत नाहीत.

ही चारही कारणे पूर्वनियोजनाने दूर होण्यासारखी आहेत. प्रस्तुत लेखात त्याच दृष्टीने काही व्यावहारिक गोष्टी मांडीत आहे.

पत्रिका हाती येताच

सर्वप्रथम विवाहस्थळाचा पत्ता नीट वाचावा. ‘मुंबई’ या एका शब्दात प्रत्यक्षात अनेक गावे सामावलेली आहेत. दक्षिण मुंबई, घाटकोपर–मुलुंडची मध्य उपनगरे, अंधेरी–बोरिवलीची पश्चिम उपनगरे, ठाणे–कल्याण, भाईंदर–वसई आणि नवी मुंबई–पनवेल ही सर्व ठिकाणे बोलताना मुंबईच म्हटली जातात. पश्चिम रेल्वेवरील चर्चगेट ते विरार हे अंतर ६० किलोमीटर आहे; अंबाजोगाईहून लातूर त्याहून थोडे जवळच आहे. तेव्हा कोणत्या गाडीने जावे, कोठे उतरावे आणि कोठे मुक्काम करावा हे सर्व त्या पत्त्यावरून ठरते.

त्यानंतर यजमानांना दूरध्वनी करून चार गोष्टी विचाराव्यात. कार्यालयाजवळचे रेल्वे स्थानक कोणते? मुक्कामाची व्यवस्था कोठे आणि किती वाजेपर्यंत आहे? सूर्यास्तापूर्वी भोजन मिळेल का? कार्यालयात लिफ्ट किंवा तळमजल्यावर बसण्याची सोय आहे का? हे विचारण्यात कसलाही कमीपणा नाही. मुंबईत केटररचा हिशेब ताटाच्या संख्येवर चालतो. आपण निश्चित किती जण येणार, त्यांपैकी चौविहार करणारे किती आणि उकळलेले पाणी लागणारे किती हे आठ-दहा दिवस आधी कळविले, तर यजमानांची सोयच होते. ऐनवेळी मंडपात सांगितल्याने मात्र धावपळ होते आणि ज्येष्ठांनाही अवघडल्यासारखे वाटते.

नातेवाइकांच्या घरी उतरण्याबाबतही विवेक असावा. तेथील दोन खोल्यांच्या घरात लग्नाच्या आदल्या दिवशी आपण पाच जण सामानासह पोहोचलो, तर प्रेम कितीही असले तरी अडचण होतेच. जवळच्या अतिथिगृहात किंवा समाजाच्या धर्मशाळेत आधी खोली घ्यावी आणि प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे.

अंबाजोगाईहून निघताना

आपल्या गावात रेल्वे नाही. परळी वैजनाथ सुमारे पंचवीस किलोमीटरवर आहे आणि लातूर साधारण दीड तासाच्या अंतरावर. लातूरहून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला रात्रभर प्रवास करून सकाळी पोहोचणारी गाडी आहे. आठवड्यातील काही दिवस ती बीदरहून येते. विवाहस्थळ नवी मुंबईत असेल, तर परळी व लातूर मार्गे जाणारी नांदेड–पनवेल एक्स्प्रेस अधिक सोयीची; त्यामुळे मुंबई ओलांडून परत मागे येण्याचे श्रम वाचतात. वेळापत्रक बदलत असल्यामुळे गाडीचा वार, वेळ आणि थांबे तिकीट काढतानाच पाहून घ्यावेत.

आरक्षणाचे काही नियम अलीकडे बदलले आहेत. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी सुरू होते. ज्येष्ठ नागरिकांना रेल्वेभाड्यात मिळणारी सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. मात्र खालच्या बर्थसाठीचा राखीव कोटा चालू आहे. ६० वर्षे पूर्ण केलेले पुरुष आणि ४५ वर्षे पूर्ण केलेल्या स्त्रिया त्यास पात्र असतात. परंतु एका तिकिटावर एकच किंवा फार तर दोन प्रवासी असतील तरच त्याचा लाभ मिळतो. म्हणून कुटुंबातील सहा जणांचे एकच तिकीट काढू नये. आजी-आजोबांचे तिकीट त्या कोट्यातून वेगळे काढावे आणि इतरांचे त्याच डब्यात मिळेल असे पाहावे. प्रतीक्षा यादीवरील तिकिटाच्या भरवशावर ज्येष्ठांना स्थानकावर नेणे टाळावे; अशा तिकिटावर आरक्षित डब्यातून प्रवास करता येत नाही.

सामानाचेही गणित असते. वातानुकूलित तृतीय वर्ग आणि शयनयान या दोन्हींत माणशी ४० किलोपर्यंत सामान विनाशुल्क नेता येते. त्याहून महत्त्वाची मर्यादा आपल्या खांद्यांची आहे. मुंबईत जिने चढावे लागतात. एक माणूस एका हातात उचलू शकेल एवढीच बॅग असावी, म्हणजे दुसरा हात ज्येष्ठांना धरण्यासाठी मोकळा राहतो.

एसटीने जाणाऱ्यांसाठी सवलती चांगल्या आहेत. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना राज्यात विनामूल्य प्रवास आहे, ६५ ते ७५ वयोगटाला अर्धे तिकीट आहे आणि मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. तथापि साडेचारशे किलोमीटरच्या आसपासचा रात्रीचा बसप्रवास गुडघेदुखी असणाऱ्यांना जड जातो. खासगी ट्रॅव्हल्सने जायचे ठरल्यास गाडी मुंबईत नेमकी कोठे उतरवील आणि पहाटे किती वाजता, हे आधी विचारावे. पनवेल, वाशी, चेंबूर किंवा सायन येथे पहाटे चारला महामार्गाच्या कडेला उतरून वाहन शोधत उभे राहणे कोणालाही सोयीचे नाही. कोणीतरी घ्यायला येईल एवढी व्यवस्था अगोदर करावी.

स्वतःच्या मोटारीने जाणाऱ्यांनी शनिवार-रविवारी बोरघाटात होणाऱ्या कोंडीसाठी दोन तास राखून ठेवावेत. चालकाला रात्रभर जागवून सकाळी मंडपात पोहोचण्याचा अट्टहास करू नये. पुण्यात रात्रीचा मुक्काम करणे हितावह. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल नाही, हेही ध्यानात असावे.

मुंबईत अंतर वेळेने मोजावे

महानगरात किलोमीटरला फारसा अर्थ नसतो. दहा किलोमीटरला वीस मिनिटेही लागतात आणि दीड तासही. सकाळी आठ ते अकरा या वेळेत लोकल गाड्यांतील गर्दी चर्चगेट आणि शिवाजी महाराज टर्मिनस यांच्या दिशेने येते आणि सायंकाळी साडेपाच ते नऊ या वेळेत उपनगरांकडे परतते. आपली गाडी सकाळी टर्मिनसला पोहोचली आणि विवाहस्थळ उपनगरात असले, तर आपण गर्दीच्या उलट दिशेने जातो. त्या वेळी बसायला जागा मिळणे शक्य असते. सायंकाळी स्वागतसमारंभासाठी त्याच दिशेने निघाल्यास मात्र गर्दीच्या ऐन लोंढ्यात सापडतो. तेव्हा सायंकाळचा कार्यक्रम असल्यास दुपारी चारपूर्वीच कार्यालयाच्या परिसरात पोहोचावे.

जलद आणि धीमी हा लोकलमधील मुख्य भेद. जलद गाडी लहान स्थानकांवर थांबत नाही. मध्य रेल्वेवरून पश्चिम रेल्वेवर जाण्यासाठी दादरला गाडी बदलण्याची रीत आहे. पण दादरच्या पुलावरील गर्दी ज्येष्ठांना मानवत नाही. मध्य उपनगरांतून अंधेरीकडे जायचे असल्यास घाटकोपरहून मेट्रो घ्यावी. दक्षिण मुंबईतील काळबादेवी, गिरगाव येथे किंवा विमानतळाकडे जायचे असल्यास ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झालेली भुयारी मेट्रो उपयोगी पडते. तिच्या स्थानकांवर लिफ्ट व सरकते जिने आहेत.

रविवारी मध्य व हार्बर मार्गांवर दुरुस्तीसाठी ‘मेगाब्लॉक’ असतो. सकाळी साडेदहा-अकरापासून दुपारी चारच्या सुमारापर्यंत गाड्या कमी धावतात. आपली लग्ने बहुधा रविवारीच असतात. आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात किंवा रेल्वेच्या सूचनेत त्याची खातरजमा करावी. तसेच रिक्षा वांद्रे व सायन यांच्या दक्षिणेस जात नाही. तिकडे टॅक्सी घ्यावी लागते. प्रवासात अडचण आल्यास रेल्वेचा १३९ आणि पोलिसांचा ११२ हे क्रमांक सर्वांच्या मोबाइलमध्ये असावेत.

सूर्य तेथे चौदा मिनिटे उशिरा मावळतो

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी सूर्योदय-सूर्यास्ताचे कोष्टक भिंतीवर लावलेले असते आणि त्यावरून नवकारसी व चौविहार सांभाळला जातो. हे कोष्टक आपल्या गावचे असते. प्रवासात ते जसेच्या तसे चालत नाही. अंबाजोगाई मुंबईच्या सुमारे साडेतीन रेखांश पूर्वेस आहे. एका रेखांशाला चार मिनिटे या हिशेबाने मुंबईचा सूर्योदय आणि सूर्यास्त आपल्याहून साधारण १४ मिनिटे उशिरा होतो. घड्याळ दोन्हीकडे एकच असल्याने हा फरक सहज लक्षात येत नाही. पूर्वी तसे नव्हते. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये लागू झाल्यानंतरही मुंबईने आपली स्वतंत्र ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत चालू ठेवली होती आणि ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असे.

या चौदा मिनिटांचा परिणाम सकाळी होतो. डिसेंबरच्या मध्यास मुंबईत सूर्योदय सातच्या किंचित नंतर होतो. त्यात ४८ मिनिटे मिळविली की नवकारसी ७ वाजून ५० मिनिटांच्या सुमारास येते. घरच्या कोष्टकाप्रमाणे ७ वाजून ३६ मिनिटांनी चहा घेतला तर पच्चक्खाण अपुरे राहते. सायंकाळी घरचे कोष्टक पाळले तर नियम अधिकच सुरक्षित राहतो, म्हणून तिकडे चिंता नाही. मुंबईचे कोष्टक तेथील कोणत्याही मंदिरात किंवा स्थानकात मिळते. ते आधीच मागवून घ्यावे.

नोव्हेंबरच्या अखेरीस मुंबईत सूर्यास्त सायंकाळी सहाच्या सुमारास होतो, मेच्या मध्यास सातनंतर. म्हणजे हिवाळ्यातील लग्नात साडेपाचपर्यंत भोजन उरकले पाहिजे आणि महानगरातील स्वागतसमारंभ तर आठला सुरू होतो. येथेच ज्येष्ठांचा धीर सुटतो. यावर दोन उपाय आहेत. यजमानांना आधी कळविल्यास केटरर पाच वाजता मोजक्या मंडळींसाठी साधे भोजन मांडू शकतो. ते शक्य नसल्यास मुक्कामीच जेवून निघावे आणि समारंभात केवळ भेटीगाठींसाठी जावे. चौविहार करणाऱ्याने मंडपात रिकाम्या हाताने बसण्यात कसलाही अवमान नाही. यजमानांना त्याची पूर्वकल्पना असली म्हणजे झाले. रात्रीच्या गाडीने निघताना घरीच सूर्यास्तापूर्वी जेवण होते, त्यामुळे तेथे प्रश्न येत नाही.

बरोबर काय न्यावे याचाही विचार व्हावा. दशम्या आणि धपाटे त्याच दिवशी संपवावेत. रात्र उलटल्यावर ते वासी होतात आणि नियम पाळणाऱ्यांना चालत नाहीत. दुसऱ्या दिवसासाठी खाखरे, भाजलेले चणे, कोरडा चिवडा आणि सुंठ-गुळाची गोळी न्यावी. उकळलेल्या पाण्याची कालमर्यादा ऋतूनुसार बदलते हे घरातील ज्येष्ठांना ठाऊक असतेच. मुक्कामी पाणी उकळून मिळेल का, हे खोली घेतानाच विचारावे. मुंबईत उपाहारगृहांतून ‘जैन’ पदार्थ सहज मिळतात. पावभाजीत बटाट्याऐवजी कच्चे केळे घालण्याची पद्धत तेथे रुळलेली आहे. तरीही कांदा-लसूण नाही एवढ्यावर समाधान मानू नये. बटाटा, गाजर, बीट आणि चहातील ओले आले यांचीही स्पष्ट चौकशी करावी.

मायरा, दागिने आणि आहेर

बँकेतील नोकरीत लग्नसराईच्या दिवसांत लॉकरसाठी येणारी गर्दी मी अनेक वर्षे पाहिली आहे. दुसऱ्या व चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. रविवारचे लग्न आणि त्याआधीचा तो शनिवार, असा योग असेल तर दागिने शुक्रवारपर्यंत काढावे लागतात आणि परतल्यावर पहिल्याच कामाच्या दिवशी परत ठेवावेत. मधले दिवस घरात दागिने आहेत याची चर्चा करू नये.

मामाकडील मंडळी मायरा घेऊन निघतात तेव्हा जोखीम अधिक असते. सर्व दागिने एकाच बॅगेत आणि एकाच व्यक्तीकडे ठेवू नयेत. प्रवासात अंगावर नित्याचेच ठेवावे; बाकीचे कपड्यांच्या आत, कमरेच्या पाऊचमध्ये असावेत. पावत्यांची छायाचित्रे मोबाइलमध्ये ठेवावीत. विवाहित स्त्रीसाठी ५०० ग्रॅम, अविवाहित मुलीसाठी २५० ग्रॅम आणि पुरुषासाठी १०० ग्रॅम हे आकडे अनेकांच्या तोंडी असतात. ते १९९४ च्या प्राप्तिकर खात्याच्या सूचनेतील असून झडतीच्या वेळी किती दागिने जप्त करू नयेत याविषयी आहेत. प्रवासात दागिने बाळगण्याची ती मर्यादा नव्हे. निवडणुकीची आचारसंहिता चालू असल्यास पन्नास हजारांहून अधिक रोकड नेताना बँकेतून पैसे काढल्याचा पुरावा जवळ ठेवावा.

आहेराविषयी दोन गोष्टी. विवाहानिमित्त वधू-वरांना मिळालेल्या भेटी प्राप्तिकरातून मुक्त आहेत. परंतु ही सवलत वधू-वरांपुरती आहे. त्यांच्या आईवडिलांना नात्याबाहेरील व्यक्तींकडून वर्षभरात पन्नास हजारांहून अधिक मूल्याच्या भेटी मिळाल्यास त्या करपात्र ठरतात. तसेच एका प्रसंगासाठी एका व्यक्तीकडून दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास मनाई आहे. मोठी रक्कम द्यायची असेल तर ती वधू किंवा वराच्या नावे धनादेशाने अथवा थेट खात्यात द्यावी. त्यामुळे प्रवासातील रोकडीचे ओझेही संपते.

आता एका नव्या धोक्याविषयी. व्हॉट्सॲपवर ‘लग्नपत्रिका’ म्हणून फाइल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असे असते. ती उघडल्यास मोबाइलमध्ये बाहेरचा प्रोग्रॅम शिरतो आणि खात्यातील पैसे जाऊ शकतात. खरी पत्रिका चित्राच्या किंवा पीडीएफच्या रूपात येते. शंका आल्यास पाठविणाऱ्याला प्रत्यक्ष फोन करावा. फसवणूक झालीच तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी व बँकेला कळवावे.

प्रकृतीची काळजी

मुंबईची हवा दमट असते. आपल्याकडील कोरड्या हवेची सवय असलेल्यांना तेथे घामाने थकवा येतो. जरीची भारी वस्त्रे मंडपात पोहोचल्यावर नेसावीत. प्रवासात सुती कपडे बरे. चौविहार करणाऱ्यांनी दिवसभर पुरेसे पाणी प्यावे. मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी सायंकाळच्या मात्रेची वेळ निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावी. स्वतःच्या मनाने गोळी पुढेमागे करू नये. औषधे हातातील पिशवीत असावीत आणि त्यांच्या नावांची चिठ्ठी बरोबर जाणाऱ्या तरुणाच्या खिशात असावी. प्रत्येक ज्येष्ठ व्यक्तीमागे एक तरुण नेमून द्यावा, म्हणजे गर्दीत ‘ती तुझ्याबरोबर असेल असे वाटले’ हा प्रसंग येत नाही.

एक दिवस अधिक

शक्य असल्यास परतीचे तिकीट लग्नाच्या रात्रीचे काढू नये. एक दिवस अधिक राहिल्यास दर्शनाचा लाभ घडतो आणि थकवाही निवतो. मलबार हिलवरील बाबू अमीचंद पन्नालाल आदीश्वरजी मंदिर १९०४ मधील आहे. पायधुनी येथील गोडीजी पार्श्वनाथ मंदिराने २०१२ मध्ये दोनशे वर्षे पूर्ण केली. मुंबई निरनिराळ्या बेटांची होती तेव्हा मधली खाडी ओलांडून आलेले लोक येथे पाय धूत, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. भायखळ्याचे मोतीशा शेठ यांचे मंदिर आणि बोरिवलीचे पोदनपूर त्रिमूर्ती दिगंबर मंदिर हीही आवर्जून पाहण्यासारखी स्थाने आहेत. मात्र एका दिवसात शहराच्या एकाच बाजूची स्थाने निवडावीत.

त्या दिवशी ज्येष्ठांना मुंबईतील दोन-तीन नातेवाइकांकडे अवश्य न्यावे. लग्नाच्या मंडपात केवळ नमस्कार होतो. कोणाची आत्या कोणाच्या घरी दिली, कोणते दुकान कोणत्या भावाने सुरू केले, कोणाचे कुलदैवत कोणते, हे सारे घरी बसल्यावर निघते. तेथील मुलांनी आजोबांकडून हे ऐकावे आणि एखाद्याने वहीत उतरवून घ्यावे. ही माहिती अन्यत्र कोठेही लिहिलेली नसते.

साठ दिवस आधी तिकीट, आठ-दहा दिवस आधी यजमानांना कळविलेली संख्या, हाती मुंबईचे सूर्योदय-सूर्यास्ताचे कोष्टक आणि बरोबर एक जबाबदार तरुण एवढी तयारी झाली की पंचाहत्तरीच्या आजीलाही हे लग्न अवघड नाही. येत्या मुहूर्तांच्या पत्रिका लवकरच येऊ लागतील. पत्रिका आली की घरातील पहिले तिकीट आजी-आजोबांचे निघावे; बाकीच्यांचा बेत त्यानंतर ठरवावा.